खडूच्या गोळ्या

संपतने प्रेमलाच्या गोळ्या मोरीत ओतल्या, वरून दोन तांबे पाणी सोडलं, आणि आपल्या गोळ्या तिच्या बाटलीत भरून झाकण लावलं. प्रेमला बाहेर ओट्यावर पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिला यातलं काही कळायची गरज नव्हती.

दोघांनाही शुगर. कात्रजच्या अंगाला शेत होतं तेव्हा दोघं मिळून राबले. आता शेतावर इमारती उभ्या राहिल्या आणि दोघं मिळून इन्सुलिन टोचून घेत होते. पायाच्या जखमासुद्धा एकाच उन्हाळ्यात झाल्या. त्याची अंगठ्यापाशी, तिची टाचेला.

शहरातल्या एका रुग्णालयात अशा जखमा भरून आणणाऱ्या नव्या गोळीवर संशोधन चालू होतं. तिथल्या डॉक्टर अक्षता यांनी पहिल्याच दिवशी सगळं उघड सांगितलं.

"निम्म्या लोकांना खरं औषध मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. कुणाला काय, हे शेवटपर्यंत मलाही कळणार नाही. रोजचं इन्सुलिन मात्र सगळ्यांनी चालूच ठेवायचं. दोघं एकाच घरात राहता ना?"

"आता या वयात आणि कुठं जाणार?" प्रेमला म्हणाली.

दोन महिन्यांत संपतची जखम सुकायला लागली. प्रेमलाची तशीच ओली. टाचेच्या हाडापर्यंत गेली तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, पाय काढला तर मला परत आणू नका. तुमच्याकडून सगळं करून घ्यायचं म्हंजे जिवंतपणी मरण हाय."

संपतला रडू आलं. ते त्याने तिला दिसू दिलं नाही.

मग त्याने विचार केला. फार करावा लागला नाही. त्याची बाटली खरी, तिची खडूची. अदलाबदल करू म्हटलं असतं तर तिने ऐकलं नसतं. ताटात भाकरी वाढतानाही ती मोठी त्याला द्यायची. म्हणून मोरी. आणि खडू खाऊन स्वतःचं पोट कशाला बिघडवायचं?

दर महिन्याला नव्या बाटल्या येत आणि दर महिन्याला तो हेच करी.

"काका, गोळ्या चुकवत नाही ना?" डॉक्टर विचारत.

"न्हाय."

खोटं बोलायचाही माणसाला कंटाळा येतो. पण हे एका शब्दात भागत होतं.

प्रेमलाची टाच हळूहळू भरू लागली. संपतचा अंगठा पुन्हा चिघळला, मग काळा पडला. आधी अंगठा गेला, मग घोट्याच्या वरून पाय. शुद्धीवर आला तेव्हा प्रेमला उशाशी रडत होती. "देवानं माझं भोगणं तुमच्यावर घातलं."

"त्यात देवाचा काय संबंध?" संपत म्हणाला आणि कूस बदलली.

दुखत होतं, थकवा तर हाडात मुरला होता. तरी मनातून तो समाधानी होता. एक पाय जाणारच होता. कुणाचा, ते त्याने ठरवलं होतं.

पुढच्या वर्षी संशोधन संपलं. कुणाला काय मिळालं होतं, ते ज्याला त्याला सांगणार होते. प्रेमला त्याची चाकाची खुर्ची ढकलत, स्वतःच्या दोन्ही पायांनी चालत आली. डॉक्टरांचे डोळे जागरणाने सुजलेले होते.

"काका, तुम्हाला खरं औषध होतं."

"वाटलंच हुतं," संपत म्हणाला आणि पहिल्यांदा मोकळं हसला.

"काकूंनाही तेच होतं. एका घरातल्या माणसांना आम्ही एकच औषध देतो, घरी बाटल्यांची सरमिसळ होते म्हणून. काकूंची जखम खोल होती, तिला वेळ लागणारच होता. पण भरली. औषध मिळालेल्या जवळजवळ सगळ्यांची भरली." डॉक्टरांनी त्याची फाईल पुन्हा एकदा चाळली. "तुम्ही तर एकही गोळी चुकवली नाहीत, काका. मग एकट्या तुमचीच का चिघळली, तेवढं मला अजून कळत नाही."