किल्लीची अट

हणमंतराव या वयात पहिल्यांदाच भाडेकरू होत होते. मैलूरच्या घराचा करार त्यांना प्रणेश समजावून सांगत होता. घरमालक असला तरी तो त्यांच्या मुलाच्या वयाचा.

"काका, न विचारता भिंतीत खिळा ठोकायचा नाही. नळ बिघडला, छत गळलं, तर दुरुस्ती माझ्याकडं."

"मग आत्ताच सांगतो. पाऊस लागला की देवघराचा कोपरा गळतोय. गच्चीच्या पाइपात कडुलिंबाचा पाला अडकतोय, दरसाल वर चढून काढावा लागतोय."

"आता ते चढणं माझं."



"आन् अंगणातल्या जाईला पाणी कुणी घालायचं?" कलाबाईंनी विचारलं.

"ते करारात नाही, काकू."

"न्हाई व्हय? मग मीच घालीन."

प्रणेश शेवटची अट वाचता वाचता अडखळला. मालकानं आज भाडेकरूच्या हातात किल्ली द्यायची होती, आणि त्याच्याकडं किल्लीच नव्हती.

घर बांधल्यापासून कमरेला असलेली आणि गेल्या आठवड्यात घर विकलं तरी तिथंच राहिलेली किल्ली कलाबाईंनी सोडवली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"घे, बाबा," त्या म्हणाल्या. "आन् आता दे."