खिडकीजवळचं टेबल

बाळांनो, डोळे मिटा आणि चला माझ्याबरोबर एका मोठ्या शहरात. शनिवार-रविवार जोडून बाबा आणि त्यांची अकरा वर्षांची लेक फिरायला आले आहेत. कुठे जेवायचं ते दर सहलीत आई ठरवायची, फोन करून टेबलही सांगून ठेवायची. पण आईला जाऊन सहा महिने झालेत, आणि तेव्हापासून बाबा दोन घास खाऊन ताट बाजूला सारतात.

दुपारी हॉटेलच्या दारातच मॅनेजर म्हणाला, "या साहेब. मॅडमचा फोन आला होता. खिडकीजवळ बसवा आणि साहेबांना तिखट चालत नाही, बरं का, असं बजावलंय त्यांनी."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "असंच बोलायची ती," एवढंच ते पुटपुटले आणि खाली मान घालून पोटभर जेवले. लेकीने नजर चुकवली. आईचा आवाज तिला हुबेहूब काढता यायचा.

हात धुवायचं निमित्त करून ती उठली आणि बेसिनपाशी जाऊन रात्री जेवायचं होतं त्या हॉटेलला तिने फोन लावला. "हॅलो, दोघांसाठी टेबल हवंय, बरं का."

"अहो मॅडम, मघाशीच सांगितलंत की. खिडकीजवळचं टेबल, आणि लेकीच्या पानात वाटाणे नकोत. सगळं लिहून ठेवलंय मी."

या हॉटेलला तिचा हा पहिलाच फोन होता, आणि वाटाण्यांचं आईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

 

तिने फोन कानाशी घट्ट धरला आणि स्वतःच्या आवाजात विचारलं, "काका, ती आणखी काय म्हणाली?"