नगरसेवक 'ए'

"चेहरा आणखी पुसट करा," बांग वकील म्हणाले.

"आणखी पुसट केला तर नुसती मागची भिंत दिसेल," हाम संपादकबाई वैतागून म्हणाल्या.

सकाळपासून हेच दळण चाललं होतं. समोर पडद्यावर एका दुकानातल्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्रण होतं. नगरसेवक योम दुकानात शिरतात. दुकान ओकबुनचं. पन्नाशीची ही बाई बसस्थानकाजवळ तोंडीलावणी विकते. ती हसून म्हणते, "या काका." 'नगरसेवकसाहेब' म्हणत नाही. योम मुळ्याच्या किमचीचा, म्हणजे तिखट आंबवलेल्या लोणच्याचा, डबा उचलतात, तिच्या अंगावर उपडा करतात आणि ती पुसायला वाकली की लाथ घालतात. सगळं स्वच्छ दिसतं. आवाजही आहे.

चित्रण ओकबुननेच आणून दिलं होतं. तिची अट एकच होती, आपण कोण ते कुणाला कळता कामा नये. कारण दुकानाची जागा योमचीच होती आणि भाडेकरार या हिवाळ्यात संपत होता.

"अहो, खरं आहे ना हे? मग नाव घालून छापू या की!"

"खरं आहे म्हणून तर मला बोलावलंत," वकील शांतपणे म्हणाले. "आपल्याकडे खरं छापूनही अब्रुनुकसानीचा गुन्हा होतो, हामबाई. केवळ लोकहितासाठी छापलं, हे कोर्टाला पटवावं लागतं."

"नगरसेवक बाईला लाथ घालतो, यात लोकहित नाही?"

"सभागृहात घातली असती तर होतं. इथे ते मुळा घ्यायला गेले होते. मुळा ही खासगी बाब."

"आणि लाथ? ती मुळ्यासाठी घातली की 'साहेब' म्हटलं नाही म्हणून?"

"मुद्दा चांगला आहे. कोर्टात दोन वर्षं चालेल."

हामबाईंनी कपाळाला हात लावला. साप्ताहिक त्यांच्या एकटीचं होतं. मागचा एक खटला त्याने कसाबसा पचवला होता, दुसरा पचला नसता. म्हणून त्या मुकाट्याने खोडत गेल्या. आधी नाव गेलं आणि योम 'ए' झाले. मग पक्ष गेला. मग टक्कल गेलं, कारण टकले नगरसेवक गावात मोजकेच. शेवटी गावाचंही नाव गेलं, जणू हे साप्ताहिक चंद्रावर निघत होतं.

"आता उरलं काय?" हामबाई म्हणाल्या. "कुणीतरी कुठेतरी कुणालातरी काहीतरी केलं. याला बातमी नाही, कोडं म्हणतात."

"तेही खरं. पोकळ झालंय जरा. कोर्ट विचारेल, ही बाई खरी की मनातली? तिच्या बाजूला थोडं वजन घालू." आणि वकिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'बसस्थानकाजवळ तोंडीलावण्यांचं दुकान चालवणाऱ्या, पन्नाशीच्या श्रीमती बी.'

हामबाईंचं डोकं एव्हाना इतकं पिकलं होतं की त्यांनी मान डोलावली. नाव नव्हतं ना? मग झालं.

छापण्याआधी समोरच्याचं म्हणणं घ्यावंच लागतं. हामबाईंनी योमना फोन लावला आणि सगळा मजकूर वाचून दाखवला.

"हा ए कोण, मला ठाऊक नाही बुवा," योम गोड आवाजात म्हणाले. "माझं काही म्हणणंही नाही. खुशाल छापा. फक्त ओकबुनला सांगा, आतापासूनच दुसरी जागा बघायला लाग. थंडीत सामान हलवणं जड जातं हो."

फोन बंद झाला. बांग वकिलांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "त्यांना काही म्हणायचं नाही. म्हणजे कायद्याने आपण सुरक्षित."

"आपण!" हामबाई कडाडल्या. "दिवसभर त्या मेल्याला झाकत बसलो. त्याचं टक्कलसुद्धा झाकलं! आणि जिला झाकायचा शब्द दिला होता तिला चव्हाट्यावर आणलं. का, तर ती बापडी दावा लावणार नाही!"

वकील चष्मा पुसत राहिले. हामबाईंना जास्त राग स्वतःचा आला होता. मान त्यांनीच डोलावली होती.

त्यांनी ओकबुनला बोलावून घेतलं. ती दुकानातून उठून एप्रनवरच आली. हामबाईंनी काही लपवलं नाही. "मावशी, चूक माझी आहे. मी बातमी मागे घेते. योमच्या पाया पडावं लागलं तर तेही करते."

ओकबुनने मजकूर सावकाश वाचला. मग विचारलं, "मागे घेतलीत तर दुकान राहील?"

हामबाईंना खोटं बोलवेना. "नाही."

ओकबुन वकिलांकडे वळली. "वकीलसाहेब, माझं खरं नाव छापलं तर गुन्हा होतो?"

"तुमची संमती असेल तर नाही."

"फोटो? दुकानाचा पत्ता?"

"चालेल. पण त्यांचं नाव घालता येणार नाही, बाई. तुम्हीही कुठे घेऊ नका. ते ए म्हणूनच राहणार."

"राहू देत की. माझं नाव छापा, फोटो छापा, दुकानाची पाटी छापा. मोठ्या अक्षरात छापा."

"अहो मावशी, वेड लागलंय का?" हामबाई म्हणाल्या. "तो उद्याच तुम्हाला बाहेर काढेल!"

"काढू दे ना," ओकबुन म्हणाली. "सगळं गाव बघत असेल. मला त्या दुकानातून जो बाहेर काढेल, तोच ए."