यादीत नसलेलं नाव

त्यानं पाण्याचा तांब्या पुढं करताच प्रज्ञानं त्याला ओळखलं. कानिफनाथची दाढी पांढरी झाली होती, अंगावर कैद्याचे कपडे होते, मान खाली होती. तरी ओळखलं.

"भाऊजी," ती म्हणाली, आणि तिनं तांब्या हातात घेतला.

सव्वीस जुलै, कारगिल विजय दिवस होता. तुरुंगाच्या आवारात लिंबाखाली टेबलं लावून त्यांवर जिल्ह्यातल्या शहीद जवानांचे फोटो मांडले होते. नवे अधीक्षक आले, त्यांनी चौकशी केली, तर कैद्यांमध्ये चार माजी सैनिक निघाले. यंदा मानवंदना हेच चौघं देतील, असं साहेबांनी ठरवलं. कारगिलच्या लढाईत लढलेला श्रीमंत नावाचा म्हातारा, दोन घोडेगावकडचे आणि कानिफनाथ भापकर. चौघांनी आठ दिवस कवायत केली. तुरुंगात आल्यापासून पहिल्यांदाच कानिफनाथला आपली पाठ ताठ झाल्यासारखी वाटली. मग कळलं, पाहुणी म्हणून कोल्हारची वीरपत्नी येणार आहे. प्रज्ञा प्रशांत साळवे. तेव्हापासून त्याचं ताट अर्धं तसंच परत जाई.

प्रशांत आणि तो एका पलटणीत, एका तंबूत राहिलेले. नऊ वर्षांपूर्वी तुकडीतल्या एकालाच सुट्टी मिळणार होती आणि ती प्रशांतची होती. कानिफनाथच्या बायकोला, मोनिकाला, नववा लागला होता. त्यानं प्रशांतला गळ घातली. प्रशांतनं सुट्टी सोडली आणि कानिफनाथ गावी आला. चौथ्या दिवशी त्याच्या जागी गस्तीवर गेलेला प्रशांत सुरुंगाच्या स्फोटात गेला. इकडं त्याच आठवड्यात कानिफनाथला मुलगी झाली. पेढे वाटायचे राहून गेले ते राहूनच गेले.

पंधरा वर्षं भरताच तो नोकरी सोडून घरी आला आणि प्यायला लागला. कशापायी पितोस, असं मोनिका विचारायची. त्यानं कधी सांगितलं नाही. एका संध्याकाळी तिनं बाटली लपवली म्हणून त्यानं तिला ढकललं. हौदाच्या कठड्यावर तिचं डोकं आपटलं आणि ती जागीच गेली. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, दारात उभी होती. ती आता आजोळी असते. एकदाही भेटायला आली नाही.

कोर्टात तो काही बोलला नव्हता. पण मनात त्यानं एक हिशेब धरून ठेवला होता. प्रशांत आपल्यापायी गेला, त्या दुःखानं आपण दारूला लागलो, आणि दारूनं हे झालं. प्रज्ञावहिनीनं एकदा माफ केलं, तर सगळीच गाठ सुटेल. आज ती समोर बसली होती.

"वहिनी, एक सांगायचं हुतं," तो म्हणाला. "त्या दिवशीची गस्त माजी हुती. माज्यापायी गेला प्रशांत."

प्रज्ञानं तांब्या खाली ठेवला. "ठाऊक आहे मला."

"त्यानं सांगितलं हुतं?"

"ते तर आधी तुम्हाला नाही म्हणाले होते. आठवतं का?"

त्याला आठवलं. प्रशांतनं पहिल्या दिवशी मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून येऊन म्हणाला, जा तू. का, ते कानिफनाथनं कधी विचारलं नव्हतं.

"मधल्या संध्याकाळी मोनिकाचा फोन आला मला," प्रज्ञा म्हणाली. "आमची कधी भेटही नव्हती. कुठून तरी नंबर मिळवला होता पोरीनं. म्हणाली, 'ताई, पहिलटकरीण हाय मी, लई भ्या वाटतं. हे जवळ असले म्हंजी मला कशाचंच भ्या न्हाई.' मग मीच यांना सांगितलं, तुम्ही थांबा, भाऊजींना पाठवा."

कानिफनाथ खाली ठेवलेल्या तांब्याकडं बघत राहिला.

"लोक मला म्हणायचे, आपल्या माणसाची सुट्टी दुसऱ्याला का द्यायला लावलीस. मला पस्तावा झाला नाही, भाऊजी. वाटायचं, आपला मोडला, पण तिचा संसार तर उभा राहिला. पेपरात बातमी वाचेपर्यंत तसंच वाटायचं."

तेवढ्यात शिट्टी वाजली. कानिफनाथ रांगेत जाऊन उभा राहिला. पाय आपोआप जुळले.

साहेब एकेक नाव वाचत गेले. हुद्दा, नाव, गाव. प्रत्येक नावाला चार हात कपाळाशी जात आणि एकदम खाली येत. प्रशांतच्या नावाला कानिफनाथनं श्वास रोखून सलाम केला. यादी संपली. साहेबांनी कागदाची घडी केली.

फुलं वाहायला उठलेली प्रज्ञा टेबलापाशी थांबली.

"साहेब, अजून एक नाव राहिलं."

साहेबांनी गोंधळून कागद पुन्हा उघडला, मग माईक तिच्याकडं सरकवला.

"मोनिका कानिफनाथ भापकर," ती म्हणाली. "तालुका श्रीगोंदा."

आवारात कोणी हललं नाही. हुकूमही कोणी दिला नाही. श्रीमंतनं एकदा शेजारी उभ्या कानिफनाथकडं पाहिलं, नजर समोर वळवली आणि टाचा जुळवल्या. त्याचा हात कपाळाशी गेला. मग पलीकडच्या दोघांचे गेले.

कानिफनाथचा हात उठेना.