उपासनेपुरता गळा

रिसेप्शनला नव्या सुनेनं सिनेमाचं गाणं म्हटलं आणि तिचे सासरे, चर्चच्या गायनमंडळाचे प्रमुख शमुवेलराव, सगळ्यांआधी टाळ्या वाजवत उठले.

जेवताना त्यांच्या बायकोनं, रूथबाईंनी, हळूच विचारलं, "आपलं लग्न ठरलं तेव्हा माझं ऑर्केस्ट्रात गाणं बंद केलंत. जगाची गाणी नकोत म्हणालात. मग हिचं कसं चाललं?"

"अगं, हिचा गळा बघ. असला गळा अडवायचा म्हणजे पाप," शमुवेलराव जिलबी मोडत म्हणाले. "तुझा आपला उपासनेपुरता बरा."

रूथबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक जिलबी वाढली. इतकी वर्षं त्या समजत होत्या, आपला गळा देवासाठी मागून घेतलाय.

रविवारी चर्चमध्ये शमुवेलरावांनी पेटीवर सूर दिला. पहिली ओळ नेहमी रूथबाईंची. त्यांनी गीतांचं पुस्तक मिटलं आणि उपासनेचं एकही गीत येत नसलेल्या सुनेच्या हातात दिलं.