ओवेनच्या खोलीतला अलार्म

"सही तिचीच आहे," लोरेनने कागद स्टिअरिंगवर पसरला. "पाचही अलार्म वाजवून पाहिले, चालू आहेत. खाली क्रिस्टल बॉयड. आगीच्या बरोबर नऊ दिवस आधी. बाबा, हा कागद वकिलाला द्यायचा की नाही?"

एर्विन क्रुपा गाडीच्या काचेतून कोर्टाच्या पायऱ्यांवरचा बर्फ बघत होता. "नाही."

"मग जा तुरुंगात."

"जाईन."

एर्विन चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्याची दोन घरं भाड्याने दिलेली. वर्षातून दोनदा, घड्याळं तासभर मागेपुढे करायच्या रविवारी, तो शिडी घेऊन दोन्हीकडे जायचा आणि धुराच्या प्रत्येक अलार्मचा सेल बदलायचा. ओहायोत पुष्कळ लोक तसं करतात. निदान करतो म्हणतात. त्यातल्या एका घरात राहणाऱ्या क्रिस्टलकडे गेला की तिची आठ वर्षांची जोसी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्यामागे फिरायची. धाकटा ओवेन कानांवर हात दाबून सोफ्यामागे दडायचा. आता कर्कश वाजणार, हे त्याला ठाऊक असायचं.

ओवेन तीन वर्षांचा होता. विजेचा हीटर त्याच्याच खोलीत पेटला. दार लोटलेलं होतं. बाहेरच्या बोळातला अलार्म वाजला, पण फार उशिरा. क्रिस्टलने जोसीला अंगणात आणून सोडलं, पुन्हा आत गेली आणि भाजलेले हात घेऊन रिकामीच परत आली. ओवेनच्या खोलीतला अलार्म नंतर ढिगाऱ्यात सापडला. अर्धवट वितळलेला. आत सेल नव्हता.

"तिनेच काढला असणार," लोरेन म्हणाली. "बेकन करपलं, अलार्म कोकलला, काढला सेल. सगळेच काढतात. मीसुद्धा काढलाय."

"क्रिस्टलने नाही काढला."

"तुम्हाला काय स्वप्न पडलं?"

"तिला मध्ये आणू नकोस. तिचं पोर गेलंय."

"आणि माझा बाप चाललाय, त्याचं काय? चर्चमध्ये आपल्या बाकावर कोणी बसत नाही. कालपर्यंत तुमच्याकडून फुकटात नळ दुरुस्त करून घेणारे आज तुम्हाला खुनी म्हणतात!"

एर्विनने हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग तिच्याकडे न बघताच बोलला.

"कागद खोटा आहे, लोरेन. सही मी आधीच घेतली. चार सेल बदलले, पाचवा कमी पडला. उद्या आणतो म्हटलं आणि विसरलो."

लोरेनने कागद स्टिअरिंगवरून उचलला.

"आणि हे मला आज सांगताय?"

तो दार उघडून उतरला.

आत सगळं वीस मिनिटांत आटोपलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, कोणी दबाव आणलाय का? नाही. काय कबूल करताय ते समजतंय ना? समजतंय.

"तुमच्या शब्दांत सांगा, मिस्टर क्रुपा."

"मुलाच्या खोलीतल्या अलार्ममध्ये चालणारा सेल ठेवणं माझं काम होतं. मी ते केलं नाही."

क्रिस्टल रडली नाही. पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. "एका सेलासाठी," एवढंच म्हणाली.

शिक्षा दीड वर्षं. सोमवारी हजर व्हायचं.

कोर्टाच्या दालनाबाहेर आल्यावर लोरेनने कागद चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि बापापासून चार हात लांब जाऊन उभी राहिली. लहानपणापासून हा माणूस तिला शिकवत आला होता, जिना उतरताना हात मोकळा ठेव, चूल बंद आहे का ते दोनदा बघ. त्याच्या शेजारी बसून घरी कसं जायचं, हे तिला कळेना.

क्रिस्टल सरकारी वकिलाशी बोलत होती. जोसी तिच्याजवळून बोळातून एकटीच चालत आली आणि एर्विनसमोर थांबली.

"मिस्टर क्रुपा, तुम्ही खोटं बोललात."

एर्विनने घाईने इकडेतिकडे बघितलं. गुडघ्यावर हात टेकत तो कसाबसा खाली बसला. "हळू बोल, राणी."

"सेल होता. मी काढला. ओवेनला रात्री एकट्याला भीती वाटायची, म्हणून त्याच्या वॉकीटॉकीत घातला. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, अंगणात, आग लागल्यावर तुम्ही धावत आलात तेव्हा?"

"तो जुना सेल होता. पार संपलेला. मी बदललाच नव्हता."

"नव्हता संपलेला. ओवेन बोलला त्यातून माझ्याशी."

पोरगी त्याच्या तोंडाकडे बघत थांबून राहिली.

लोरेन ते चार हात चालून आली आणि बापाच्या शेजारी फरशीवर गुडघे टेकून बसली.

"जुन्या सेलात थोडा जीव उरतो गं," ती म्हणाली. "खेळण्यापुरता. अलार्मला तो पुरत नाही. नवा सेल त्या रविवारी माझ्याच गाडीत राहिला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय."