डावीकडची गुंडी

आईनं केसांवरून हात फिरवला, हनुवटी जराशी खाली घेतली आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं. कॅमेऱ्यामागे तिचा मुलगा होता. त्यानं बटण दाबलं.

दीड वर्षात तिनं असं बघितलं नव्हतं. चपलाबुटांच्या जाहिरातींचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. धंद्याच्या डिजिटल कॅमेऱ्यानं त्यानं तिचेही शेकड्यांनी काढले होते. सगळ्यांत ती भलतीकडेच बघत होती. शिवाय फोटो काढला की तो मागच्या पडद्यावर लगेच उमटायचा. ती वाकून बघायची आणि घाबरून विचारायची, "ही म्हातारी कोण शिरलीय घरात?" मग दिवसभर घास तिच्या घशाखाली उतरायचा नाही. म्हणून त्यानं आज बाबांचा, त्यांच्या फोटो स्टुडिओतला जुना, रोलचा कॅमेरा कपाटातून काढला होता. त्याला मागे पडदाच नव्हता.

रोल भरायचं त्यानं सकाळी वाचून वाचून शिकून घेतलं होतं. दुकानदारानं एवढंच बजावलं होतं, "छत्तीस निघतील. सदतिसाव्याला रोल सरकवायचा खटका अडेल. तिथे जोर करू नका."

त्यानं खटका ओढला. वरच्या इवल्याशा खिडकीत आकडा सहाचा सात झाला.

"अहो, आटपा की," आई म्हणाली. "बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलीत."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तो कॅमेऱ्याआड तसाच थांबला. आता तोंडातून 'आई' निघालं की सगळं मोडेल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"झालंच," तो म्हणाला. "मान जरा इकडे."

तिनं मान वळवली. अगदी हवी तेवढीच.

ताई दारात पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत आईचे चार कपडे, चष्मा, गोळ्या. "वा! बाबाच झालास की," ती हळूच म्हणाली. "मग माझ्या लग्नातले बिघडलेले फोटोही पुन्हा काढ आता." तो हसला नाही. तेव्हा ती म्हणाली, "अरे, अकराला वृद्धाश्रमाची गाडी येतेय तिला न्यायला. फोनवर दोन काढ आणि मोकळा हो."

"फोनकडे ती बघत नाही."

"आता कुणाकडे बघते ती?" ताई म्हणाली, आणि तेवढ्यात तिला आई दिसली. खुर्चीत ताठ बसलेली, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेली, त्यांची आई. ताईनं पिशवी खाली ठेवली. 

अठरा. एकोणीस. त्याचा हात सैल होत गेला. बघायला पडदा नव्हता, खोडून टाकायची सोय नव्हती. नुसतं तिच्याकडे बघत राहायचं. हे इतकं सोपं होतं तर इतके दिवस काय करत होतो, असं त्याला वाटून गेलं.

"अहो, ती गुंडी फिरत नाहीये," आई म्हणाली.

"फिरेल, फिरेल."

"डावीकडची हो. मघापासून बघतेय. फिरत नाही ती."

आठवडाभर ती असंच काहीबाही सांगत होती. नळ चालू राहिलाय. जिन्यात कुणीतरी रडतंय. ऐकून सोडून द्यायची सवय घरात सगळ्यांनाच लागली होती. "बरं, बघतो," तो म्हणाला आणि खटका ओढला.

छत्तीस झाले. त्यानं सवयीनं ओढला, खटका अडला नाही. सदतीस. दुकानदार हात राखून सांगतो, बाबांचा कॅमेरा दिलदार आहे, असं म्हणून तो मनातल्या मनात खूशही झाला. अडतीस. एकोणचाळीस झाले तेव्हा त्याला आईचं मघाचं बोलणं आठवलं.

स्टुडिओत बाबांचे रोल आई भरायची. जन्मभर तीच भरायची. खटका ओढला की आत रोल पुढे सरकतो, आणि सरकला की कॅमेऱ्यावरची डावीकडची गुंडी आपोआप फिरते. ती फिरत नसेल तर आत काहीच हललेलं नसतं.

त्यानं खटका ओढला आणि या वेळी गुंडीकडे बघितलं. गुंडी ढिम्म होती.

रोलवर काही उमटलंच नव्हतं, तेव्हा उघडून उजेड लागायची भीती उरली नव्हती. त्यानं मागचं झाकण उघडलं. रोलचं पुढचं टोक, त्याची जीभ, सकाळी त्यानं खाचेत अडकवली होती, ती निसटून मोकळी पडली होती. बाकी अख्खा रोल डबीत जसाच्या तसा. कोरा.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"काही नाही. पाच मिनिटं. गाडीवाल्याला पाच मिनिटं थांबव."

खाली हॉर्न वाजला.  जीभ खाचेत घातली, निसटली. पुन्हा घातली, पुढे ओढली, दाते रोलच्या भोकांत बसले का बघितलं, झाकण लावलं. खटका ओढला. डावीकडची गुंडी फिरली. त्यानं आणखी एकदा ओढला. फिरली.

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

आई त्याच्याकडेच बघत होती, पण अनोळखी माणसाकडे बघावं तशी, अदबीनं. तिनं हात जोडले.

"आमचे हे बाहेर गेलेत," ती म्हणाली. "बसा ना. येतीलच इतक्यात."

तो समोरच्या स्टुलावर बसला. कॅमेरा त्यानं मांडीवर ठेवला.